काचेपलीकडचे रंग

घरात टाकी आहे, टाकीत निळाजांभळा फायटर आहे, हातात बऱ्यापैकी मोबाइलही आहे. तरी फोटो काढला की माशाच्या जागी काळपट डाग येतो आणि त्यावर आपल्याच शर्टाची सावली. असं का?

रंगीत मासे पाळणारा जवळपास प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो आणि त्याला बहुधा एकच उत्तर मिळतं: चांगला कॅमेरा घ्या. मला हे उत्तर अपुरं वाटतं. प्रकाश दिव्यातून निघतो, पाण्यात शिरतो, माशाच्या अंगावरून परततो, पुन्हा पाणी आणि काच ओलांडतो आणि मग कुठे लेन्सपाशी पोचतो. फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा या वाटेवरच. म्हणून या प्रकरणात आपण त्या वाटेनेच जाऊ. उदाहरणं जालन्याची घेतली आहेत, कारण प्रत्येक गावाचं पाणी, ऊन आणि वीज निराळी असते आणि टाकीतल्या माशाला या तिन्हींशी जुळवून घ्यावं लागतं.

१. माशाचा रंग येतो कुठून?

गोल्डफिशचा केशरी आणि निऑन टेट्राचा निळा हे दोन रंग मुळातच वेगवेगळ्या रीतीने तयार होतात.

केशरी, पिवळा, लाल आणि काळा हे साधारणपणे रंगद्रव्याचे रंग. माशाच्या त्वचेत रंगाने भरलेल्या बारीक पेशी असतात. काळ्या पेशींत मेलॅनिनचे कण असतात; पिवळ्या-लाल पेशींत मुख्यतः कॅरोटिनॉइड असतात, म्हणजे गाजराला आणि लाल मिरचीला रंग देणारी द्रव्यं. मासा कॅरोटिनॉइड स्वतःच्या शरीरात बनवू शकत नाही. ती त्याला खाण्यातूनच मिळवावी लागतात. महिनोन्‌महिने निकृष्ट दाण्यावर ठेवलेला गोल्डफिश फिका पडतो तो यामुळे. त्याचा रंग फोटोतच काय, अंगावरही नसतो. स्पिरुलिनासारखं शेवाळ असलेलं खाद्य काही आठवडे दिलं तर फरक डोळ्यांनी दिसतो.

निऑनच्या पट्ट्यातल्या निळ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे निळं द्रव्य नसतंच. त्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ, पारदर्शक स्फटिक एकावर एक थरांनी रचलेले असतात. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो. थरांमधलं अंतर असं असतं की परतणाऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग एकमेकांत मिसळून जोर धरतो आणि बाकीचे रंग एकमेकांना मारून टाकतात. पैठणीचा धूपछाँव पदर हातात घेऊन हलवा: उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे कोन बदलला की पदर रंग बदलतो. स्फटिकांचा रंगही असाच पाहणाऱ्याच्या आणि दिव्याच्या कोनावर ठरतो. फायटरची निळी झाक, गप्पीच्या अंगावरची चमक, टेट्राचा पट्टा हे सगळे याच जातीचे रंग.

हे दोन्ही रंग माशाच्या मनःस्थितीनुसार बदलतात. घाबरलेल्या माशाच्या काळ्या पेशींतले कण पेशीच्या मधोमध गोळा होतात आणि मासा फिकट दिसू लागतो. दुकानातून पिशवीत घालून आणलेला मासा पहिल्या दिवशी पांढुरका दिसतो तो याच कारणाने. निऑन अंधारात आपल्या स्फटिकांची ठेवण बदलतो. त्याचा निळा-हिरवा पट्टा रात्री जांभळट, मंद होतो आणि उजेड आल्यावर हळूहळू परततो. तेव्हा सकाळी दिवा लावल्या लावल्या फोटो काढू नये. मासे उजेडाला सरावले, खाऊन-पिऊन टाकीभर मोकळे फिरू लागले की मग कॅमेरा हातात घ्यावा. नव्या माशाला तर निदान आठवडाभर द्यावा.

जाता जाता एक आठवण. या निऑन टेट्राच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ‘इनेसी’ असा आहे. फिलाडेल्फियाचे मुद्रक, प्रकाशक आणि मत्स्यपालक विल्यम इनेस यांच्या नावावरून १९३६ मध्ये तो ठेवला गेला. इनेस टाकीतल्या माशांचे फोटो स्वतः काढत आणि पुस्तकांत छापत. टाकीतल्या माशाचा फोटो काढणाऱ्या माणसाचं नाव जगातल्या सर्वांत लाडक्या टेट्राला मिळालं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

२. जालन्याचं पाणी

माशाचा रंग खुलायला तो ज्या पाण्यात राहतो ते त्याला मानवलं पाहिजे. जालना शहराला पूर्वी निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचा आधार होता. आता जायकवाडीहून जलवाहिनीने पाणी येतं. नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी टाक्या, पिंपं आणि जोडीला बोअर. आपल्या काळ्या खडकातून आलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला जी पांढरी रेघ उमटते, ती त्याचीच खूण.

जड पाणी वाईट असं मुळीच नाही. गप्पी, मॉली, प्लेटी, स्वोर्डटेल हे पिलं घालणारे मासे अशाच पाण्यात तेज धरतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणीही जड आणि अल्कधर्मी आहे. त्यामुळे तिथले पिवळेधमक, निळेशार सिक्लिड आपल्या बोअरच्या पाण्यात खुशाल राहतात. उलट निऑन आणि डिस्कस ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्याचे. ते जालन्यात जगतातही, पण त्यांचा पूर्ण रंग पाहायचा तर पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी मिसळण्याचा खटाटोप करावा लागतो. जालन्यात नव्याने टाकी मांडून फोटो काढू पाहणाऱ्याने मॉली-गप्पीपासून सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन. कमी कष्टांत अस्सल रंग मिळतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतं. पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानातून आणलेले अँटिक्लोरीनचे थेंब किंवा खडे टाकतात. त्या खड्यांना दुकानदार ‘हायपो’ म्हणतो. हे रसायन म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आणि जुन्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो कायम करण्यासाठी वापरत ते हायपो हेच. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवलं होतं आणि १८३९ मध्ये छायाचित्रणाचा जन्म झाला तेव्हा तोच गुण कामी आला. स्टुडिओतली हायपोची बाटली गेली, पण मासे पाळणाऱ्याच्या फडताळात ती अजून आहे.

जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. फोटोत बुडबुडे नकोत म्हणून एअर पंप बंद करायचा असतो, पण एप्रिल-मेच्या दुपारी तो पाच-दहा मिनिटांपलीकडे बंद ठेवू नका. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले तर कॅमेरा खाली ठेवा आणि पंप लावा. शक्यतो फोटो सकाळचेच काढा.

पाणी बदलायचं ते आदल्या दिवशी. बदलल्याबरोबर गाळ उठलेला असतो, काचेला आणि वनस्पतींना बारीक बुडबुडे चिकटलेले असतात आणि प्रकाश पडला की हे सगळं पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने फोटोत उतरतं. काचेवरची क्षारांची रेघ लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने ओल्या केलेल्या फडक्याने निघते. मात्र रस पाण्यात जाऊ देऊ नका. टाकी ॲक्रिलिकची असेल तर खरखरीत घासणी लावू नका, कारण तिचे ओरखडे जन्मभर फोटोत येतील.

३. पाणी आणि काच प्रकाशाला वळवतात

प्रकाश पाण्यातून हवेत येताना वळतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: काचेपासून २० सेंटिमीटर आत असलेला मासा सरळ पाहिला तर २० भागिले १.३३, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरवर दिसतो. कॅमेऱ्याला त्याचा त्रास नाही, तो दिसतं त्या अंतरावर फोकस करतो. त्रास होतो तो तिरकं पाहिल्यावर. तिरप्या किरणांतले निळे आणि लाल भाग वेगवेगळे वळतात आणि माशाच्या कडेला रंगीत झालर येते, खवले धूसर होतात. महागड्या लेन्सने काढलेला फोटोही असा बिघडतो. उपाय फुकटचा आहे: लेन्स काचेला अगदी समांतर धरा. मासा कोपऱ्यात गेला तर आपण काचेसमोर बाजूला सरकायचं, कॅमेरा वळवायचा नाही. गोल बाऊलच्या वक्र काचेतून चांगला फोटो जवळपास अशक्य आहे आणि त्या बाऊलमध्ये फायटरही सुखी नसतो.

आता प्रतिबिंब. काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. आतल्या, पाण्याला लागलेल्या बाजूने अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ४ टक्के म्हणजे पंचविसावा भाग. समजा, खिडकीच्या उजेडात तुमचा पांढरा शर्ट टाकीतल्या माशापेक्षा पंचवीस पट उजळ आहे. मग शर्टाचं प्रतिबिंब आणि मासा सारखेच उजळ दिसतील. दिवसा हा फरक सहज पडतो. म्हणून खोलीतले दिवे मालवा, पडदे ओढा, गडद कपडे घाला. मोबाइल असेल तर तो काचेला टेकवूनच धरा. काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते पुढे धरलं तरी काम होतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. पाण्यात लाल रंग नाहीसा होतो असं पाणबुड्यांच्या फोटोंवरून ऐकलेलं असतं. समुद्रात काही मीटर खाली ते खरं आहे. टाकीच्या फूटभर पाण्यात लाल शोषला जाणं नगण्य असतं. टाकीतलं लाकूड पाण्याला चहासारखा रंग सोडतं आणि दृश्य पिवळटतं, ते वेगळं.

४. दिवा कुठे हवा?

मोबाइलचा फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो. त्याचा प्रकाश काचेवर सरळ पडतो आणि सरळ मागे येतो, म्हणून फोटोच्या मधोमध पांढरा भपका. आरशाचा नियम काचेलाही लागू आहे: किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात पलीकडे जातो. दिवा काचेशी सुमारे ४५ अंशांच्या कोनात बाजूला ठेवला तर परतणारा प्रकाश लेन्सला चुकवून दुसऱ्या बाजूला निघून जातो. त्याहून चांगली जागा टाकीच्या वर. मासे निसर्गात वरूनच उजळतात आणि आपल्या डोळ्यांना तेच खरं वाटतं. वर दिवा ठेवताना मध्ये काचेचं झाकण असू द्या, पाणी आणि वीज यांची भेट होता कामा नये.

पण वरच्या दिव्याने पोटाकडची बाजू अंधारते. तळाला फिकट वाळू असली किंवा टाकीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला तर खालून उजेड परततो. रंगद्रव्याच्या रंगांना, म्हणजे गोल्डफिशला, पॅरट माशाला किंवा पिवळ्या सिक्लिडला, असा सगळीकडून येणारा मऊ प्रकाश पुरतो. स्फटिकांच्या रंगांचं तसं नाही. फायटर घ्या. दिवा वीतभर पुढे-मागे सरकवा आणि त्याचं अंग पाहत राहा. एका जागी तो जवळजवळ काळा दिसेल, दुसऱ्या जागी निळा पेटेल. सुरुवातीच्या प्रश्नातल्या काळपट डागाचं अर्धं उत्तर हेच आहे: दिव्याचा कोन चुकला होता. योग्य जागा सापडली की तिथेच दिवा पक्का करा.

उरलेलं अर्धं उत्तर कॅमेऱ्याच्या हिशेबात आहे. मोबाइल दृश्याच्या उजेडाची सरासरी काढतो. फायटरमागे ट्यूबलाइटने उजळलेली पांढरी भिंत असेल तर सरासरी जास्त निघते आणि मासा काळवंडतो. मागे काळा कागद असेल तर उलटं होतं. मोबाइल सगळं उजळवू पाहतो आणि लाल पॅरट भगभगीत, तपशील नसलेला गोळा बनतो. मोबाइलच्या स्क्रीनवर माशावर बोट ठेवा, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून थोडा उजेड कमी करा. माझी पसंती मागे काळ्या किंवा गडद निळ्या चार्ट पेपरला. दुकानांत मिळणारी प्रवाळांची छापील बॅकग्राउंड गोड्या पाण्यातल्या माशामागे मला खटकतात. टाकीच्या हूडमधले निळे-गुलाबी दिवेही फोटोपुरते बंद ठेवावेत. त्यांच्या प्रकाशात माशाचा खरा रंग कुठला हे कोणीच सांगू शकत नाही.

५. मासा थांबत नाही

चार सेंटिमीटरचा गप्पी सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने चालला आहे असं धरा. कॅमेऱ्याचा पडदा (शटर) १/५० सेकंद उघडा राहिला तर तेवढ्यात मासा २ मिलिमीटर पुढे जातो. फोटोत मासा २००० ठिपके (पिक्सेल) लांब असेल, तर एका मिलिमीटरला ५० ठिपके, म्हणजे १०० ठिपक्यांचा फराटा. १/२५० ला तो २० ठिपके होतो, १/१००० ला फक्त ५. मग १/१००० च का नको? कारण १/५० च्या तुलनेत विसावा भागच प्रकाश मिळतो. मोबाइल ती तूट आकडेमोडीने भरून काढतो आणि खवल्यांवर रवाळपणा येतो.

इथे विजेचाही एक अडथळा आहे. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, पण पडदा १/१०० पेक्षा जलद झाला की फोटोत आडवे काळे पट्टे येऊ लागतात. मासा जलद पडदा मागतो आणि दिवा संथ. ही कोंडी दोन प्रकारे सुटते. पॉवर बँकेवर चालणारे बरेचसे दिवे असे मिणमिणत नाहीत. वीज गेली तरी ते चालतात, हा जालन्यात वरचा फायदा. आणि वेगळा कॅमेरा असेल तर टाकीवर ठेवलेला सुटा फ्लॅश. कमी ताकदीवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आटोपते, मग पडदा थोडा संथ असला तरी मासा गोठल्यासारखा स्पष्ट येतो. भरपूर प्रकाशामुळे लेन्सचं भोक एफ ८ किंवा एफ ११ इतकं बारीक ठेवता येतं आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत मासा एकसारखा स्पष्ट राहतो. खोली पूर्ण अंधारी करून मात्र फ्लॅश मारू नका. मासे दचकून काचेवर आपटतात. हूडचा साधा दिवा चालू असू द्या.

यंत्रापेक्षाही निरीक्षण उपयोगी पडतं. बहुतेक मासे ठरलेल्या वाटेने फिरतात आणि वळणाआधी क्षणभर थबकतात. ती जागा हेरा, तिथे आधीच फोकस करून ठेवा आणि मासा यायची वाट पाहा. फोकस नेहमी डोळ्यावर. फायटरला आरसा दाखवला की तो प्रतिस्पर्धी समजून पंख फुलवतो. मिनिटभर ठीक आहे, पण त्यासाठी त्याला दिवसातून दहादा चिथावणं क्रूरपणा आहे.

६. दुधना-गोदावरीचे रंगीत मासे

दुकानातली टाकी पाहून असं वाटतं की रंगीत मासे परदेशचेच. पण तसं नाही. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. आत पूर्णा, दुधना, कुंडलिका आहेत. गोदावरीच्या खोऱ्यात अंगावर दोन काळे ठिपके मिरवणारा टिक्टो बार्ब आहे, ज्याच्या नराला विणीच्या काळात लालसर झाक चढते. सोनेरी काठाचा काळा पट्टा असलेला रासबोरा आहे. आरपार दिसणारा ग्लास फिशही आहे, ज्याच्या अंगातला काटा न्‌ काटा मोजता येतो. या ग्लास फिशला सुईने रंग टोचून गुलाबी-हिरवा करून विकण्याची वाईट चाल व्यापारात होती. असा मासा कोणी दाखवला तर घेऊ नका आणि त्याचा फोटोही मिरवू नका.

आपल्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. कर्नल सायक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. शिंगटी, मळ्या, खुद्री ही आपल्याकडची नावं त्यांनी दिलेल्या शास्त्रीय नावांत आजही आहेत. पण संग्रहालयाच्या बाटलीत, फॉर्मलिन आणि अल्कोहोलात, माशाचे लाल-पिवळे रंग टिकत नाहीत. त्यामुळे जिवंत माशाचा चांगला रंगीत फोटो हा अभ्यासकाच्या दृष्टीने खरा दस्तऐवज असतो आणि तो काढायला कोणी शास्त्रज्ञच असावं लागत नाही.

त्यासाठी अभ्यासक छोटी फोटो-टाकी वापरतात. काचवाल्याकडून वीतभर लांब आणि दोन-तीन इंच रुंद पेटी चिकटवून घ्या. त्याच नदीचं पाणी फडक्यातून गाळून, निवळू देऊन भरा. मासा आत सोडून मागून एक सैल काच सरकवा, म्हणजे तो पुढच्या काचेजवळ राहतो. काच दाबायची नाही, माशाला कल्ले हलवता आले पाहिजेत. सावलीत, वरून येणाऱ्या उजेडात, मागे राखाडी कागद लावून फोटो घ्या. प्रघात असा की माशाची डावी बाजू दाखवायची, डोकं डावीकडे. एका फोटोत शेजारी मोजपट्टी असावी. मासा पाच मिनिटांत, पकडला त्याच ठिकाणी परत सोडा. घरच्या टाकीतला कोणताही मासा मात्र नदीत किंवा तलावात कधीही सोडू नये. टाकीतून सुटलेल्या सकर माशाने भारतातल्या अनेक जलाशयांत बस्तान बसवून तिथल्या माशांचा घास पळवला आहे.

आणि फोटोच्या नावात ‘फिश १’ असं लिहू नका. तारीख, नदी, जवळचं गाव, माशाची लांबी, पाणी वाहतं होतं की डोहातलं आणि नर विणीच्या रंगात होता का, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा.